टक्केवारी कागदावरची आणि थेंबातली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत गेल्या पंधरवड्यात प्रथिनांच्या स्फटिकांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनाची रचना कशी उलगडते, हे शाळकरी मुलांनाही समजेल अशा भाषेत सांगणे सोपे नाही. लेखकाने ते पुष्कळ अंशी साधले आहे, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. परंतु लेखाच्या शेवटाकडे अशा आशयाचे एक वाक्य आले आहे की, इथेनॉल किंवा तत्सम द्रावकात वाढवलेल्या स्फटिकांना निराळ्या गोठणरोधकाची (गोठवताना पाण्याचे बर्फ होऊ न देणाऱ्या पदार्थाची) गरज पडत नाही, कारण भोवतालचे अल्कोहोलच ते काम आपोआप करते. असे स्फटिक थेंबातून उचलायचे आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचे, एवढेच काय ते उरते. माझी वीसएक वर्षे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नेमके हे ‘एवढेच’ करण्यात गेली. त्यामुळे वाक्य वाचून आधी हसू आले. मग वाटले की, एखादा विद्यार्थी हे वाचून खरोखरच तसे करायला गेला, तर त्याने दीड-दोन महिने जपलेला स्फटिक अर्ध्या मिनिटात मातीमोल होईल. म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत तुरटीचा स्फटिक दोऱ्याला लटकवून वाढवला असेल. तो बाहेर काढून पुसला, खिशात घालून घरी नेला, तरी त्याला काही होत नाही. प्रथिनाचा स्फटिक या जातीचा नव्हे. त्याच्या आकारमानाचा साधारण निम्मा भाग, कधी त्याहून अधिक, द्रवाने भरलेला असतो. प्रथिनाचे अवाढव्य रेणू एकमेकांना मोजक्याच ठिकाणी टेकून उभे असतात, आणि ज्या द्रावात स्फटिक वाढला तोच द्राव मधल्या पोकळ्यांतून खेळत असतो. १९३४ मध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या) यांनी पेप्सिनच्या स्फटिकांची क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा हवेत सुकलेल्या स्फटिकांनी त्यांना काहीच दिले नाही. बारीक काचनळीत, स्वतःच्या द्रावासकट बंद करून ठेवलेल्या स्फटिकाने मात्र स्वच्छ ठिपके दिले. प्रथिनाच्या स्फटिकाला त्याच्या द्रावापासून तोडायचे नाही, हा नियम तेव्हापासून चालत आला आहे, आणि माझे पुढचे सगळे म्हणणे याच नियमाभोवती आहे.

आता गोठवण्याचे कारण. क्ष-किरणांचा झोत प्रथिनाच्या रेणूंची मोडतोड करतो, आणि नेहमीच्या तापमानाला ही मोडतोड इतक्या झपाट्याने पसरते की, बलवान झोतापुढे स्फटिक पुरती माहिती देण्याआधीच निकामी होतो. तोच स्फटिक १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअसला ठेवला, तर तो कित्येक पट अधिक काळ टिकतो. अडचण एवढीच की, पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि त्याचे बर्फ झाले की स्फटिकाच्या आतली मांडणी फुटते. म्हणून पाण्याला बर्फ होण्याची सवड न देता ते काचेसारखे थिजवावे लागते. त्यासाठी भोवतालच्या द्रावात ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकोल, साखर यांसारखे काही मिसळतात आणि मग नायलॉनच्या बारीक फासात स्फटिक उचलून तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये झटकन बुडवतात. गोठण नीट झाले, तर फासातला द्राव काचेसारखा पारदर्शक दिसतो. बिघडले, तर तो दुधी होतो, आणि क्ष-किरण चित्रात ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या जागी बर्फाची कडी उमटतात. ही तीन कडी पाहून पोटात गोळा आला नाही, असा या क्षेत्रातला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मग अल्कोहोल कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. मिठाच्या किंवा पॉलिइथिलीन ग्लायकोलच्या द्रावणात स्फटिक वाढत असताना उडून जाणाऱ्या द्रावकाच्या वाटेला जायचेच कशाला? उत्तर असे की, काही प्रथिने दुसरीकडे स्फटिक देतच नाहीत. पाण्याचा विद्युतापार्यता स्थिरांक, म्हणजे विद्युतभारांमधली ओढ द्रव किती झाकतो याचे माप, सुमारे ८०, इथेनॉलचा सुमारे २५. पाण्यात अल्कोहोल मिसळले की प्रथिनांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारांना एकमेकांची ओढ अधिक जाणवू लागते, त्यांची विद्राव्यता उतरते आणि ती हळूहळू रांगेत उभी राहू लागतात. पण हेच अल्कोहोल प्रथिनाच्या आतल्या, पाण्याला टाळणाऱ्या भागांनाही सैल करते, आणि तापमान चढे असेल तर प्रथिन रांगेत उभे राहण्याऐवजी उलगडून गोळा होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोहन यांनी रक्तद्रवातून अल्ब्युमिन वेगळे काढण्यासाठी थंड इथेनॉलची पद्धत बसवली. तीत इथेनॉलचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जाते आणि तापमान उणे ५ अंशांपर्यंत उतरवले जाते, ते याच कारणाने. अल्कोहोल वाढवायचे तर थंडीही वाढवली पाहिजे.

या शास्त्राचा आरंभच मुळी अशा द्रावकातून झाला, हे लेखात यायला हवे होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स समनर यांनी १९१७ ते १९२६ अशी नऊ वर्षे जॅक बीन या शेंगेतून, म्हणजे आपल्या अबईच्या अगदी जवळच्या नात्यातल्या शेंगेतून, युरिएज हे विकर शुद्ध करण्यात घालवली. समनर मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघाताने त्यांचा डावा हात गेला, आणि एका हाताने रसायनशास्त्र कसे करणार, असे त्यांना लोकांनी ऐकवले होते. प्रयोगशाळेत बर्फपेटी नव्हती, तेव्हा ३० टक्के अल्कोहोलमधल्या अर्काची उंच पात्रे आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत असू आणि थंडी पडावी म्हणून प्रार्थना करत असू, असे त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितले आहे. शेवटी १९२६ मध्ये अल्कोहोलऐवजी सुमारे ३२ टक्के ॲसिटोन वापरून त्यांनी अर्क गाळायला थंड जागी रात्रभर ठेवला. सकाळी गाळलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात स्फटिक होते. स्फटिकरूपात मिळालेले ते पहिले विकर. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. त्याच जॅक बीन युरिएजची संपूर्ण त्रिमितीय रचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, ती मद्रास विद्यापीठातील ए. बालसुब्रमणियन आणि कार्ते पोन्नुराज यांच्याकडून. पहिला स्फटिक आणि त्याची रचना यांत ऐंशीहून अधिक वर्षे गेली!

इन्सुलिनचेही तसेच. जस्तयुक्त इन्सुलिनचे जे समांतरषट्‌फलकी स्फटिक डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने अभ्यासले आणि ज्यांची रचना १९६९ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्यांत आपले एम. विजयन होते, त्यांच्या वाढीच्या पारंपरिक कृतीत सायट्रेटसोबत थोडे ॲसिटोन असते. विजयन यांनी पुढे बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन-स्फटिकांतले पाणी हळूहळू कमी केले की रचनेत काय बदल होतात, याचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. आर्द्रता थोडी खाली आली की एखादा स्फटिक तुटत नाही, तर दुसऱ्याच मांडणीत जाऊन बसतो, हे त्यातून पुढे आले. आणि क्रॅम्बिन? क्रॅम्बे ॲबिसिनिका या तेलबियांतले अवघ्या ४६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला इथेनॉल मिसळलेले पाणीच लागते. वेन हेन्ड्रिक्सन आणि मार्था टीटर यांनी १९८१ मध्ये त्याची रचना त्याच्यातल्याच गंधकाच्या अणूंच्या आधारे सोडवली. पुढे या स्फटिकांत टीटर यांना प्रथिनाभोवती पाण्याच्या रेणूंची पंचकोनी कडी दिसली आणि मधूनमधून इथेनॉलचे रेणूही दिसले. आज क्रॅम्बिन हे सर्वाधिक बारकाईने पाहिलेल्या प्रथिनांपैकी एक आहे. म्हणजे उडून जाणारा द्रावक हा काही कोपऱ्यातला विषय नव्हे.

आता वाढीतल्या अडचणी. नेहमीच्या लटकत्या थेंबाच्या पद्धतीत एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर खालच्या विहिरीतला (म्हणजे ताटलीतल्या खोलगट कप्प्यातला) द्राव काचेच्या झाकणीवर एकत्र करून ती झाकणी उलटी बसवतात. मिठाच्या बाबतीत पाणी थेंबातून विहिरीकडे जाते, थेंब आटतो, आणि हे सारे काही दिवसांत शांतपणे घडते. इथेनॉलच्या बाबतीत दिशा उलटी. विहिरीतले इथेनॉल वाफ होऊन वर थेंबात शिरते, थेंब किंचित फुगतो, आणि समतोल फार लवकर येतो. बाष्पदाबांचे आकडे पाहिले म्हणजे कारण समजते: २० अंश सेल्सिअसला पाण्याचा दाब पाऱ्याच्या १७.५ मिलिमीटरच्या आसपास, इथेनॉलचा ४४ च्या आसपास, ॲसिटोनचा १८० च्या वर. त्यात पाण्यात मिसळलेले इथेनॉल नुसत्या प्रमाणावरून वाटावे त्याहून अधिक जोमाने वाफ होते. लवकर आलेला समतोल स्फटिकाला सोयीचा नसतो. घाईने शेकडो बारीक सुया पडतात आणि वापरण्याजोगा एकही दाणा मोठा होत नाही. म्हणून प्रथिनात अल्कोहोल अजिबात न घालता ते फक्त विहिरीत घालायचे आणि वाफेवाटेच थेंबात येऊ द्यायचे, ही युक्ती आम्हाला सर्वांत उपयोगी पडली. तिचा दुसरा फायदा असा की, पिपेटच्या टोकाशी क्षणभर दाट अल्कोहोल आणि प्रथिन भिडून जो गोळा होतो, तो टळतो.

भांड्यांचा त्रास निराळाच. पॉलिस्टायरीनच्या ताटल्यांना ॲसिटोन सोसत नाही. त्या आधी धुरकट होतात आणि मग चिरतात. झाकणी बसवायला लावलेले ग्रीस आणि चिकटपट्टीचा गोंद यांतून वाफ वाट काढते. महिन्याने पाहावे तर विहिरीतली पातळी उतरलेली. अल्कोहोलने पृष्ठताण उतरत असल्यामुळे थेंब झाकणीवर गोल न राहता पसरतो आणि कधी विहिरीतच पडतो. तेलाखाली थेंब ठेवण्याची जी सोपी पद्धत आहे, तीही इथे बहुधा कामाची नाही, कारण असे द्रावक हळूहळू तेलातच मुरतात. या सगळ्यात आपल्याकडची एक खास गंमत म्हणजे, शुद्ध इथेनॉल प्रयोगशाळेत आणायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि वापराचा हिशेब वहीत टिपावा लागतो. वहीत मिलिलिटर जुळवत बसायचे आणि इकडे झाकणी उघडताच ते हवेत!

उघडण्यावरूनच पुढचे सांगते. एप्रिलमधली दुपार होती. पुण्याची एप्रिलची दुपार किती कोरडी असते, हे सांगायला नको. बियांतल्या एका लहान प्रथिनाचे स्फटिक इथेनॉलमध्ये सहा आठवड्यांनी वाढून तयार झाले होते; दीड-दोन दशांश मिलिमीटरचे, कडा अशा की सूक्ष्मदर्शकाखालून नजर हलू नये. मी झाकणी उचलली, उलटी करून ठेवली आणि फास घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात थेंबातले सगळे गरागरा फिरू लागले. पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबणाचे बोट लावले की ती कशी पळते, हे लहानपणी सर्वांनी पाहिले आहे. तोच खेळ इथे उलट्या बाजूने चालतो. थेंबाच्या कडेचे अल्कोहोल आधी उडते, तिथला पृष्ठताण वाढतो आणि बाकीचा द्रव तिकडे ओढला जातो. स्फटिक एकमेकांवर आपटले. त्यातून अल्कोहोल कमी झाल्यामुळे प्रथिनाची विद्राव्यता पुन्हा वाढली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या धारदार कडा साखरेच्या खड्याच्या व्हाव्यात तशा गोलसर झाल्या. एकाला मधोमध तडा गेला. वर सूक्ष्मदर्शकाचा जुना, तापणारा दिवा चालू होता, त्याने त्या आगीत तेलच ओतले. हे सगळे घडायला किती वेळ लागला असेल? चहाचा कप उचलून खाली ठेवण्याइतका.

लेखातल्या ‘आपोआप’ या शब्दाला माझी हरकत आहे ती इथे. इथेनॉल हे गोठणरोधक आहे, यात वाद नाही. पुरेसे दाट असेल तर ते पाण्याला बर्फ होऊ देत नाही. पण विहिरीत ते २० टक्के असेल, तर तेवढ्याने सहसा भागत नाही, आणि मुळात ते २० टक्के राहतही नाही. फासात जो द्रवाचा पडदा येतो तो काही नॅनोलिटरचा असतो, आणि आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग प्रचंड. थेंबापासून नायट्रोजनच्या पात्रापर्यंत हात नेण्यात एक-दोन सेकंद जातात, आणि त्या अवधीत पळून जाणाऱ्यांत पहिला नंबर लागतो तो गोठणरोधकाचाच. उरते ते मुख्यतः पाणी. शिवाय नायट्रोजनच्या पृष्ठभागावर थंड वायूचा काही सेंटिमीटर जाड थर असतो. स्फटिक द्रवात बुडण्याआधी या थरातूनच जातो आणि तिथे तुलनेने सावकाश थंड होतो. हा थर कोरड्या वायूच्या झोताने बाजूला सारला, तर थंड होण्याचा वेग दहा ते शंभर पटींनी वाढतो आणि गोठणरोधकही कमी लागते, हे २००६ मध्ये कॉर्नेलमधल्याच एका गटाने दाखवले. समनर जिथे खिडकीत थंडीची वाट पाहत होते, त्याच गावी हे व्हावे, याची मला मौज वाटते.

तेव्हा करायचे काय? ग्लिसरॉल घाला, असे कुणीही सांगेल. इथेनॉलमधल्या स्फटिकाला नुसत्या पाणी-ग्लिसरॉलमध्ये नेले, तर तो विरघळून जातो, कारण त्याला धरून ठेवणारे इथेनॉलच तिथे नसते. म्हणून ग्लिसरॉलच्या द्रावणातही तितकेच इथेनॉल ठेवावे लागते. मग बुडवण्याच्या बशीतून तेही उडू लागते, आणि तिसऱ्या स्फटिकाच्या वेळी आपण नेमके कशात बुडवत आहोत, हे आपल्यालाच ठाऊक नसते. माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची वाट एमपीडीची. एमपीडी म्हणजे २-मिथाइल-२,४-पेंटेनडायॉल, सहा कार्बनांचे आणि दोन हायड्रॉक्सिल गटांचे अल्कोहोल. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंशांच्या आसपास, म्हणजे ते उडून जात नाही, आणि ते अवक्षेपकही (प्रथिनाला द्रावणातून बाहेर पडायला लावणारे) आहे व गोठणरोधकही. शीतकक्षात, ४ अंशांना, झाकणी उघडताक्षणी थेंबावर विहिरीतला पाच-दहा मायक्रोलिटर द्राव ओतायचा, म्हणजे थेंबाला दम मिळतो. मग इथेनॉल कमी करत आणि एमपीडी पाच-पाच टक्क्यांनी चढवत न्यायचे, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा झाकण. घाई केली तर स्फटिक चिरतो, रेंगाळले तर विरघळतो. या पद्धतीने दहांतले तीन वाचले, तर आम्ही त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मिसळ मागवत असू.

आणखीही वाटा आहेत आणि प्रत्येकीची काही ना काही किंमत आहे. उचलण्यापूर्वी थेंबावर दाट तेलाचा थर द्यावा आणि स्फटिक तेलातूनच ओढून काढावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा द्रव पुसला जातो आणि उडायलाही काही राहत नाही. हाकोन होप यांनी १९८० च्या दशकात तेलाचा हा मार्ग रूढ केला. अगदी नाजूक स्फटिकांना ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने आतून बांधून घेता येते, मात्र त्याने कधी कधी विवर्तनाचा, म्हणजे क्ष-किरण चित्रातल्या ठिपक्यांचा, दर्जा उतरतो. ग्रेगरी पेट्स्को यांनी १९७५ मध्येच मांडलेली कल्पना मला सर्वांत देखणी वाटते. तापमान उतरते तसा द्रावाचा विद्युतापार्यता स्थिरांक चढतो, म्हणून थंड करत जाताना अल्कोहोलही पायरीपायरीने वाढवत न्यावे, म्हणजे स्फटिकाला आपण मूळच्याच द्रावात आहोत असे वाटत राहील. अर्थात त्यासाठी लागणारा संयम आणि उपकरणे दोन्ही दुर्मीळ आहेत. आणि २०१४ मध्ये फार्ली आणि ज्युअर्स या अमेरिकी संशोधकांनी तर दोषालाच कामाला लावले. गोठवण्यापूर्वी स्फटिकाला बंद जागेत मेथॅनॉल, इथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलच्या वाफेत ठेवायचे, म्हणजे तो अल्कोहोल स्वतःच शोषून घेतो, आणि त्याला हलवावे, बुडवावे लागत नाही. जे उडून जाते तेच उडून आतही येऊ शकते, हे त्यांच्या लक्षात आले. आम्ही मात्र आयुष्यभर झाकणे घट्ट करत बसलो.

शीतकक्षाविषयी एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत ती सहसा नसते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, शीतकक्षाचे दार उघडले की आत दमट हवा शिरते. चिमट्यावर, फासाच्या दांडीवर दव धरते, आणि नायट्रोजनच्या पात्रात बर्फाचा भुगा तरंगू लागतो. तो भुगा फासाला चिकटला, तर आतला द्राव काचेसारखा थिजूनही चित्रात बर्फाची कडी येतात, आणि माणूस गोठणरोधकाला दोष देत बसतो. एकदा आम्ही अशा फसलेल्या कड्यांमागे अख्खा जुलै घालवला. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (बलवान क्ष-किरण झोत देणाऱ्या यंत्रावर) भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या प्रथिन-स्फटिकांच्या झोतमार्गावर जाण्यापूर्वी आपल्या प्रयोगशाळेतच एक-दोन फास तपासून घेण्याची सवय आम्हाला तेव्हापासून लागली. झोताची वेळ मोजून मिळते. तिथे पोहोचून बर्फाचे फोटो काढण्यात अर्थ नसतो.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढे लांबण लावले, तो मांडते. शोधनिबंधांत स्फटिकांची कृती एका ओळीत असते: अमुक टक्के इथेनॉल, अमुक सामू, ४ अंश सेल्सिअस, लटकता थेंब, गोठणरोधक म्हणून अमुक. मिठाच्या किंवा पॉलिइथिलीन ग्लायकोलच्या कृतीत ही ओळ बरीचशी खरी असते. कागदावरचे आकडे आणि थेंबातले आकडे यांत फारसे अंतर पडत नाही. उडून जाणाऱ्या द्रावकात मात्र ती ओळ स्फटिकाची हकिकत सांगतच नाही. विहिरीत सुरुवातीला काय ओतले, एवढेच ती सांगते. झाकणी किती घट्ट होती, ताटली काचेची की प्लास्टिकची, किती दिवसांनी उघडली, उघडल्यापासून नायट्रोजनपर्यंत किती सेकंद गेले, दिवा थंड होता की तापणारा, खोलीत आर्द्रता किती होती, हे कुठेच नसते. परिणामी आमच्या प्रयोगशाळेत एका परदेशी निबंधातली कृती सात महिने जमली नाही. तिथे पूर्वी काम केलेल्या एका सहकाऱ्याने भेटीत सहज सांगितले की, ते ताटल्यांभोवती त्याच द्रावाची एक उघडी बशी ठेवून वर काचेची पेटी पालथी घालत, आणि तिच्या आतच हात घालून स्फटिक उचलत. म्हणजे हवाच अल्कोहोलने भरलेली! निबंधात त्या पेटीचा उल्लेख नव्हता. कुणी लपवले होते असे नव्हे. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, असे कुणाला वाटलेच नव्हते. (पेटी काचेचीच हवी, हेही इथे सांगून ठेवते. ॲक्रिलिकला अल्कोहोलची वाफ सोसत नाही. त्यावर बारीक चिरा पडतात.)

लेखाच्या अखेरीस प्रथिनांच्या रचनेच्या संगणकी भाकितांमुळे ही सगळी यातायात लवकरच संपेल, असेही सुचवले आहे. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने गौरवलेले ते काम मोठेच आहे, आणि मीही ते रोज वापरणाऱ्यांपैकी होते. परंतु ती भाकिते शिकली ती प्रथिनांच्या जागतिक रचनासंग्रहात दशकानुदशके साठलेल्या, बहुतांशी स्फटिकांतूनच मिळालेल्या रचनांवरून. आणि क्रॅम्बिनभोवतालची पाण्याची पंचकोनी कडी, त्यांच्यामध्ये अडकलेला इथेनॉलचा रेणू, असले काही त्या साखळीच्या आकृतीत मिळत नाही. औषधाचा रेणू प्रथिनात नेमका कसा बसतो, मधे पाण्याचे किती रेणू अडकतात, हे पाहायचे झाले की आजही स्फटिकाकडे परतावेच लागते. मग तो स्फटिक ज्या द्रावकात वाढतो, त्या द्रावकाशी जुळवून घ्यावे लागते.

म्हणून आपल्या माध्यमातून विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांना एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात, निदान परिशिष्टात, या बारीकसारीक नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवावीत, आणि त्या इंग्रजीत जमत नसतील तर मराठीत लिहू द्याव्यात. माझ्या स्वतःच्या वह्यांतली सर्वांत उपयोगी पाने ‘आज झाकणी उघडल्यावर २० सेकंदांत चिरला, पंखा चालू राहिला होता’ अशा वाक्यांची आहेत. ती वही प्रयोगशाळेतल्या पुढच्या मुलीने मागून नेली, ती अजून परत दिलेली नाही, आणि मीही मागितलेली नाही.

लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापणार असाल, तर ती पुढीलप्रमाणे छापावी, असे सुचवते: ‘इथेनॉलसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकात वाढवलेल्या स्फटिकांभोवतीचे अल्कोहोल गोठणरोधकाचे काम करू शकते, परंतु ते झाकण उघडल्यापासून काही सेकंदांतच कमी होऊ लागते. म्हणून असे स्फटिक शक्यतो शीतकक्षात, अल्कोहोलच्या वाफेने भरलेल्या हवेत किंवा तेलाखाली हाताळावेत, आणि गोठवण्यापूर्वी त्यांच्या द्रावात एमपीडीसारखा न उडणारा पदार्थ टप्प्याटप्प्याने मिसळावा.’

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त संशोधिका, पुणे